बोलपटातील बोलणे : संभाषणप्रधान चित्रपटाच्या इतिहासाचा एक धागा

'टॉकी' या शब्दास मराठीने 'बोलपट' हा जो पर्याय दिला, त्यात नव्या यंत्राचे वर्म नेमके पकडले गेले आहे. 'मूकपट' ही संज्ञा तर त्यानंतरच आवश्यक झाली. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखविला, तेव्हा तो मुका आहे असे सांगण्याचे काही प्रयोजनच नव्हते. असे असूनही, बोलपट अवतरल्यावर 'हा चित्रपट फार बोलतो' हाच त्याच्यावरील नेहमीचा आक्षेप होऊन बसला. ज्या गुणामुळे एखाद्या कलेस नाव मिळाले, तोच तिचा दोष मानला जावा, हा प्रकार चमत्कारिक खरा. पण त्याहूनही विचार करण्यासारखी गोष्ट ही, की पात्रे बोलण्यापलीकडे जवळजवळ काही करीत नाहीत अशा चित्रपटांनीही प्रेक्षकाला जागेवर खिळवून ठेवले. ते कशाच्या बळावर?

आक्षेपाचे मूळ जुने आहे. 'द जाझ सिंगर' १९२७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत प्रकाशित झाला. पुढच्याच वर्षी आयझेन्स्टाइन, पुदोव्हकिन व अलेक्झांद्रोव्ह या तिघा सोव्हिएत दिग्दर्शकांनी ध्वनीसंबंधी एक निवेदन काढले. ध्वनी चित्राच्या विरोधात योजावा, त्याच्या मागोमाग फरफटत नेऊ नये. तसे न झाल्यास चित्रपट म्हणजे नाटकाचे छायाचित्रण होऊन बसेल, अशी धास्ती त्यात व्यक्त झाली होती. ती अगदीच निराधार नव्हती. आरंभीच्या बोलपटांत ध्वनिग्राहक एका जागी बसविलेला असे, आणि नटांना त्याच्या आसपास घुटमळावे लागे. महाराष्ट्रात तर प्रश्न आणखी निराळा होता. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, त्यातील हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे हे संगीत रंगभूमीवरूनच आलेले होते. कीर्तन व नाटक यांवर पोसलेल्या येथील कानाला पडद्याने बोलावे, गावे, यात उणेपणा वाटण्याचे कारण नव्हते. नाटकी बोलणे आणि संभाषण यांतील भेद मात्र त्या काळी फारसा कोणी केला नाही.

तो भेद प्रथम स्पष्टपणे मांडणाऱ्यांत मोरिस शेरेर या फ्रेंच अध्यापकाची गणना करावी लागेल. हाच गृहस्थ पुढे एरिक रोमेर या नावाने दिग्दर्शक म्हणून ख्यात झाला. १९४८ मध्ये 'ले ताँ मोदेर्न' या नियतकालिकात त्याने बोलक्या चित्रपटाचा पुरस्कार करणारा एक लेख लिहिला. चित्रपट फार बोलतो ही त्याची तक्रार नव्हती. शब्द अजून चित्रपटाबाहेरच उभा आहे, कथानकाची माहिती पुरविणारा हरकाम्या म्हणूनच तो राबविला जातो, असे त्याचे म्हणणे होते. पडद्यावरील माणसे खोटे फारच क्वचित बोलतात, हेही त्याने नोंदविले. वरवर मिस्किल वाटणारे हे निरीक्षण भाषाशास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. माहिती देणे एवढेच बोलण्याचे काम असेल, तर खोटे बोलणे ही केवळ चुकीची माहिती ठरते; पण बोलणे ही स्वतःच एक कृती असेल, तर खोटे बोलणे हे संघर्षाचे, दयेचे वा कपटाचे कृत्य होते. जे. एल. ऑस्टिन यांनी हार्वर्ड येथे १९५५ मध्ये दिलेली आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आलेली व्याख्याने याच दिशेची आहेत. दोघांचा परस्परांशी संबंध दाखविण्याचे कारण नाही. प्रश्न एकच होता, एवढेच.

लेखातील सिद्धांत रोमेरने १९६९ च्या 'मोदच्या घरची रात्र' या कृष्णधवल चित्रपटात कसास लावला. स्थळ क्लेरमाँ-फेराँ, म्हणजे पास्कालचे जन्मगाव, ऋतू नाताळचा. मिशेलिन कारखान्यातील एक कॅथलिक इंजिनिअर, त्याचा जुना मार्क्सवादी मित्र व्हिदाल आणि घटस्फोटित डॉक्टर मोद ही तिघे एका खोलीत पास्कालच्या पैजेविषयी, श्रद्धा व विवाह यांविषयी बोलत बसतात. पुढे व्हिदाल निघून जातो, बर्फ पडल्यामुळे इंजिनिअरला तेथेच रात्र काढावी लागते, आणि बोलणे चालूच राहते. वाद बौद्धिक आहे खरा, पण पास्कालविषयी काही शिकावे म्हणून कोणी तो ऐकत नाही. तत्त्वाची इतकी ग्वाही देणारा हा मनुष्य नेमके कशापासून दूर पळतो आहे, याचा शोध प्रेक्षक घेत असतो. छायालेखक नेस्तोर आल्मेंद्रोस यांचा कॅमेरा अनेकदा बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठरतो. रंगभूमीवर हे साधत नाही. तेथे नजर कोणाकडे वळवावी हे प्रेक्षकाच्या हाती असते, आणि ती बहुधा बोलणाऱ्याकडे जाते. सोव्हिएत दिग्दर्शकांच्या धास्तीला याहून नेमके उत्तर सापडणे कठीण. आणि ते मिळाले तेही खणखणीत वाग्युद्धातून नव्हे, तर ऐकणाऱ्या मोदच्या मुद्रेवरून.

शेवटी पाच वर्षांनंतरचा समुद्रकिनारा येतो. इंजिनिअर आता विवाहित आहे. मोद अकस्मात भेटून जाते. त्या रात्री काही घडले नाही, हे सत्य पत्नीला सांगण्याच्या बेतात तो असतो. इतक्यात त्याला उमगते, की तिची अस्वस्थता मोदविषयीच्या मत्सराची नाही, स्वतःच्याच पूर्वायुष्याची आहे. त्याच क्षणी तो उलट सांगतो, की मोद हे आपले अखेरचे प्रेमप्रकरण होते. १९४८ साली ज्या असत्याची उणीव दाखविली होती, ते येथे संसार सावरणारे वाक्य होऊन आले आहे.

अशा चित्रपटांची भाषा नैसर्गिक असते म्हणून त्या गोड वाटतात, हा समज मात्र टिकत नाही. लुई माल यांच्या १९८१ च्या 'माय डिनर विथ आंद्रे' मध्ये दोन मित्र उपाहारगृहात जेवता जेवता बोलतात, याखेरीज जवळजवळ काही घडत नाही. वॉलेस शॉन व आंद्रे ग्रेगरी यांनी आपली प्रत्यक्ष संभाषणे ध्वनिमुद्रित करून घेतली होती. पण शॉन यांनी त्या लेखनिविष्ट मजकुरातून संहिता स्वतंत्रपणे घडविली. न्यूयॉर्कचे म्हणून भासणारे ते उपाहारगृहही व्हर्जिनियातील रिचमंड येथील एका बंद हॉटेलात उभारलेले होते. सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन यांनी १९७४ मध्ये संभाषणातील पाळीच्या व्यवस्थेचे जे वर्णन केले, ते वाचलेल्यास हे सहज पटावे : खऱ्या बोलण्यातील अडखळणे, एकमेकांत घुसणे, वाक्य अर्ध्यावर दुरुस्त करणे जसेच्या तसे उतरविले, तर ते दहा मिनिटेही ऐकवणार नाही. लेखक त्यातील काही खुणा राखतो व बाकीच्या गाळतो. नैसर्गिकपणाचा भास या निवडीतून उत्पन्न होतो.

मराठीत ही निवड विजय तेंडुलकरांइतकी जाणीवपूर्वक थोड्यांनीच केली. तुटक वाक्ये आणि टिंबांनी दाखविलेले विराम हे त्यांच्या संहितेचे अंगच आहे. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७ चे नाटक सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये पडद्यावर आणले. गोविंद निहलानी छायालेखक होते, बेणारेबाईंची भूमिका सुलभा देशपांडे यांची होती. कथानक म्हणजे वेळ घालविण्यासाठी मांडलेला खोटा खटला. बालहत्येचा आरोप प्रथम गंमत म्हणून उच्चारला जातो, आणि मग साक्षीदारांच्या एकेका वाक्यागणिक त्यातील गंमत गळत जाते. सुखात्मे वकिली थाटात जी विधाने करतात, त्यांना कायद्याचा कोणताच आधार नसतो. तरी ती बेणारेबाईंवर प्रत्यक्ष लागू होतात. पद्धतशीर कोर्टाची भाषा, घरगुती चहाडखोरी आणि नैतिक प्रवचन या तीन बोली एकाच खोलीत एकमेकींत मिसळत असतात. कोणती केव्हा संपली आणि दुसरी केव्हा सुरू झाली, हे पकडण्यासाठी प्रेक्षकाला कान टवकारावा लागतो.