गिळण्यातील अडचण : रुग्णालयातून घरी आल्यानंतरची शुश्रूषा (हिंगोली जिल्हा)

तोंडातला घास किंवा घोट सुखरूप अन्ननलिकेत न उतरणे, हा डिस्फेजिया या नावाने ओळखला जाणारा दोष. गिळताना श्वासनलिकेचे दार क्षणभर मिटते. ही वेळ चुकली की अन्न, पाणी, लाळ फुप्फुसात जाते आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. नेहमीचे कारण पक्षाघात, म्हणजे गावाकडच्या बोलीत ‘अंगावरून वारं जाणे’. त्याच्या पहिल्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळायला त्रास होतो. पुष्कळांचा तो काही आठवड्यांत ओसरतो. डोक्याला मार, कंपवात, तोंड-घशाचा कर्करोग आणि त्यावरील किरणोपचार, अतिदक्षता विभागात बरेच दिवस घशात राहिलेली श्वासाची नळी ही इतर कारणे. तंबाखू-गुटख्याने तोंड उघडेनासे झालेल्या माणसाला यातले काही झाले, तर अडचण दुहेरी होते.

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 11.77 लाख होती, त्यातली बहुतेक खेड्यांत. हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झाले. त्याआधीपासून गंभीर रुग्णांची वाट शेजारच्या नांदेडकडे, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाते. गिळण्याची तपासणी आणि व्यायाम हे वाचा-श्रवण तज्ज्ञाचे काम. जिल्हा पातळीवर असा तज्ज्ञ असलाच तर त्याचा वेळ मुख्यतः बालकांच्या वाचा-श्रवणदोषांत जातो. म्हणून सुट्टी झाल्यावर उपचाराचा मोठा भाग स्वयंपाकघरात होतो. आणि हळद काढणीच्या दिवसांत घरची कर्ती माणसे शेतावर गेली की तो म्हातारी किंवा शाळकरी नातवंडे पार पाडतात.

घरातली सर्वांत मोठी चूक मायेपोटी होते. आजाऱ्याला हलके द्यावे म्हणून पेज, वरणाचे पाणी, चहा, शहाळे, मोसंबीचा रस दिला जातो. पोटाला हलके ते घशाला हलके नसते. पातळ द्रव वेगाने घसरतो आणि मंदावलेल्या घशाला दार मिटायला अवधी मिळत नाही. दूध-भाकरीचा काला, ताकातल्या कण्या, चहात बुडवलेले बिस्कीट हे त्याहून अवघड, कारण एकाच घोटात पातळ आणि घट्ट दोन्ही येते. भेटीला आलेल्यांना हे समजावणे हे शुश्रूषा करणाऱ्याचे एक वेगळेच काम होऊन बसते.

अन्नपेयांच्या घट्टपणासाठी आयडीडीएसआय ही आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. तीत 0 ते 7 पायऱ्या असून पेये 0 ते 4 आणि अन्न 3 ते 7 मध्ये येते. कोणती पायरी द्यायची हे डॉक्टर किंवा तज्ज्ञ ठरवतो. सुट्टीच्या कागदावर तसा आकडा मागून लिहून घ्यावा. पेय त्या पायरीचे आहे का, हे पाहायला औषधाच्या दुकानातली 10 मिलीची सिरिंज पुरते. मात्र तिच्यावरच्या 0 ते 10 खुणांची लांबी 61.5 मिमी असावी. सुई आणि दट्ट्या काढून, टोकाला बोट लावून ती 10 पर्यंत भरावी आणि बोट 10 सेकंद सोडावे. 1 ते 4 मिली उरले तर पहिली पायरी, 4 ते 8 उरले तर दुसरी, 8 च्या वर उरले तर तिसरी. थेंबही गळला नाही तर चौथी. ज्वारीची आंबील गार होताना घट्ट होते आणि तोंडात लाळेने पुन्हा पातळ होते, म्हणून ती वाढण्याच्या वेळीच तपासावी.

चौथ्या पायरीसाठी मिक्सर हवाच असे नाही. वीज नसली तरी पुरणयंत्रातून काढलेले मऊ वरण-भात, गुठळ्या मोडलेले पिठले, फेटलेले घट्ट दही चालते. पुरण मऊ खरे, पण चिकट. दुधाने सैल केल्याशिवाय देऊ नये. उपवासाचा साबुदाणा चिकट आणि भगर सुटी, त्यामुळे दोन्ही टाळावीत. घट्ट पेय माणूस कमी पितो, हा या उपायाचा खरा तोटा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लघवी गडद होऊ लागली तर डॉक्टरांना कळवावे.

बसणे अन्नाइतकेच महत्त्वाचे. बाज मध्ये खोलगट होते, अंग खाली जाते आणि मान मागे कलते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत पाय जमिनीला लावून, मान सरळ ठेवून बसवावे. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये. तोंड वर करून तांब्यातून वरून पाणी ओतायची सवय तर पूर्ण बंद करावी. चमचा लहान असावा, एक घास उतरल्यावरच दुसरा द्यावा. झोपेत किंवा ग्लानीत काहीही देऊ नये. हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे काहींना उपयोगी पडते, सर्वांना नाही. तज्ज्ञाने सांगितले तरच करावे. गोळ्या कुटण्याआधी विचारावे, कारण सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्यास एकदम मोठी मात्रा पोटात जाते.

तोंडाची स्वच्छता घरोघरी मागे पडते. तोंडाने काहीच न घेणाऱ्या रुग्णाचेही दात आणि जीभ रोज दोनदा साफ करावी, कारण चुकून श्वासनलिकेत उतरलेल्या लाळेसोबत जाणारे जंतूच फुप्फुसात रोग करतात.

नाकातून राईल्स ट्यूब घातली असेल तर नाकपुडीजवळची खूण दर वेळी पाहावी. डोके 30 ते 45 अंश उंच ठेवून अन्न आपल्या भाराने उतरू द्यावे, दट्ट्याने ढकलू नये. शेवटी पाणी सोडून नळी धुवावी. टोक पाण्यात बुडवून बुडबुडे पाहण्याची रीत भरवशाची नाही. नळी सरकली किंवा निघाली तर घरी परत घालू नये. नुसत्या वरणाच्या पाण्यावर माणूस खंगतो. त्यात दूध, डाळ, अंडे किती घालायचे हे आहारतज्ज्ञाला विचारावे.

ठसका लागला नाही म्हणजे सगळे ठीक, असे नसते. काहींच्या फुप्फुसात अन्न ठसक्याविना जाते. जेवल्यावर आवाज ओला येणे, धाप, वारंवार ताप, वजन घटणे या खुणा दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घास अडकून श्वासच बंद झाला, तर पुढे वाकवून पाठीवर पाच थापा, मग पोटावर वर-आत पाच झटके, असे आलटून-पालटून करीत 108 ला फोन करावा. सुधारणा होत असताना मात्र आहाराची पायरी आपणहून बदलू नये. नळी कंटाळून उपसणे आणि गरज संपूनही महिनोन्महिने ठेवणे, दोन्ही प्रकार घडतात. चार आठवड्यांहून जास्त काळ नळी लागेल असे दिसले, तर थेट पोटात बसवायच्या नळीचा विचार डॉक्टर करतात; त्याआधी दुर्बिणीने किंवा बेरियमच्या क्ष-किरण चित्रांनी गिळणे तपासले जाते.