पाठलागाचे धोरण आणि नागरिक : कॅलिफोर्नियातील एका कलमाचा इतिहास

‘पाठलाग’ या शब्दात पळणारा आणि त्याच्या पाठीस लागणारा असे दोघेच दिसतात. वाटेवर असणारा तिसरा मनुष्य त्यात दिसत नाही. अमेरिकेतील पोलिसी पाठलागाच्या नियमांचा इतिहास हा पुष्कळ अंशी या तिसऱ्या मनुष्यास नियमांच्या भाषेत स्थान मिळवून देण्याच्या खटपटीचा इतिहास होय.

इंग्रजी रूढ कायद्यानुसार गंभीर गुन्हा करून पळणाऱ्यास ठार मारूनही थोपविण्याची मुभा होती. हा नियम रूढ झाला तेव्हा बहुतेक गंभीर गुन्ह्यांस देहदंडच सांगितलेला असे. पुढे शिक्षा सौम्य झाल्या, नियम मात्र राहिला. १९७४ साली मेम्फिस येथे पळणाऱ्या एका नि:शस्त्र १५ वर्षांच्या मुलावर पोलिसाने गोळी झाडली व तो मरण पावला. त्याच्या पित्याने १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली दावा लावला. त्याचा निकाल ‘टेनेसी विरुद्ध गार्नर’ या नावाने १९८५ मध्ये लागला आणि जुना नियम मोडला. एका कुटुंबाच्या अकरा वर्षांच्या चिकाटीचे हे फळ होते.

मोटारीच्या पाठलागास मात्र हे तत्त्व लागू पडले नाही. ‘सॅक्रमेंटो परगणा विरुद्ध लुईस’ या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी ठरविली ती अशी : अधिकाऱ्याचे वर्तन विवेकबुद्धीस हादरविणारे असले पाहिजे, आणि धावत्या पाठलागात, इजा करण्याचाच हेतू असल्याखेरीज ते तसे मानता येणार नाही. असा हेतू सिद्ध करणे जवळजवळ अशक्यच. संघराज्याच्या घटनेचा दरवाजा अशा रीतीने बंद झाल्यावर नागरिकांना राज्यांच्या विधिमंडळांकडे वळावे लागले.

कॅलिफोर्नियात १९८७ साली वाहनविषयक संहितेत कलम १७००४.७ घालण्यात आले होते. पाठलागासंबंधी लेखी धोरण स्वीकारणाऱ्या संस्थेस, पळणाऱ्याच्या गाडीने झालेल्या हानीच्या दायित्वातून मुक्ती मिळेल, असा त्याचा आशय. वरिष्ठांचे नियंत्रण, गाड्यांची संख्या, शेजारच्या पोलिसांशी समन्वय, पाठलाग केव्हा आरंभावा व केव्हा थांबवावा, एवढ्या गोष्टी धोरणात असाव्यात अशी अट होती. मुक्तीचे आमिष दाखवून शिस्त आणावी, हा हेतू वाईट नव्हता. परंतु सारा भार ‘स्वीकारणे’ या एका क्रियापदावर होता. धोरण स्वीकारणे आणि ते पाळणे यांत केवढे अंतर असते, हे कोणत्याही कचेरीत बसलेल्या मनुष्यास सांगावयास नको. चोरीच्या गाडीचा पाठलाग एका शाळेच्या आवारात जाऊन विद्यार्थी जखमी झाले, त्या ‘न्गुएन विरुद्ध वेस्टमिन्स्टर’ खटल्यात (२००२) अपील न्यायालयाने नाइलाजाने शहराच्या बाजूने निकाल दिला. कायद्यास धोरणाचा स्वीकार पुरेसा आहे, पालन आवश्यक नाही, असे सांगून त्याने विधिमंडळास फेरविचार करण्याची विनंती केली.

त्याच वर्षी जानेवारीत चिको येथे, आईची गाडी परवानगीवाचून नेणाऱ्या एका अल्पवयीन मुलीचा पाठलाग चालू असता, त्या गाडीची धडक दुसऱ्या कुटुंबाच्या गाडीस बसली व पंधरा वर्षांची मुलगी दगावली. तिच्या आईवडिलांनी पुढील काही वर्षे विधिमंडळाकडे आग्रह धरला. निकटचा धोका असेल तेव्हाच पाठलाग व्हावा, अशी त्यांची मूळ मागणी. मुलीच्या नावाने ओळखले जाणारे ते विधेयक पोलीस संघटनांच्या विरोधापुढे समितीतच अडले. मात्र २००५ मध्ये दुसरे, सौम्य विधेयक संमत झाले. ‘स्वीकारणे’ यास ‘प्रसृत करणे’ आणि ‘दरवर्षी नियमित प्रशिक्षण देणे’ यांची जोड मिळाली. धोरण मिळाले, वाचले व समजले असे प्रत्येक अधिकाऱ्याने लिहून द्यावे, अशी तरतूद झाली. आईवडिलांनी मागितले ते पाठलागाच्या निर्णयावरील बंधन. हाती आले ते कागदपत्रांचे बंधन. तथापि ते क्षुल्लक मानणे योग्य नव्हे, कारण पूर्वी न्यायालयास विचारता न येणारा प्रश्न आता विचारता येऊ लागला.

त्या प्रश्नाची मर्यादाही लौकरच ठरली. पोलिसांनी गाडीस धक्का देऊन ती थांबविताना मरण पावलेल्या एका तरुणाच्या आईचा ‘रामिरेझ विरुद्ध गार्डीना’ हा खटला २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. झाडून साऱ्या अधिकाऱ्यांनी सही केलीच पाहिजे असे नाही, संस्थेने सहीची सक्ती केलेली असली म्हणजे पुरे, असा अर्थ न्यायालयाने लावला.

नागरिकांचा दाब नेहमी संयमाच्याच दिशेने असतो, असेही नाही. मिल्वॉकी शहरात निरपराधांच्या मृत्यूंनंतर २०१० साली पोलीस प्रमुखांनी पाठलाग हिंसक गुन्ह्यांपुरते मर्यादित केले. पुढे गाड्या पळविणाऱ्यांचा व बेफाम वाहने हाकणाऱ्यांचा उपद्रव वाढल्याची तक्रार रहिवाशांनी व नगरसेवकांनी लावून धरली. पोलिसांवर देखरेख करणाऱ्या तेथील नागरी आयोगाच्या आदेशाने २०१७ मध्ये ती मर्यादा सैल झाली. हा आयोग १८८५ पासूनचा. त्यापुढील जूनमध्ये पाठलाग करणारीच एक पोलीस गाडी उलटून तीतील एक अधिकारी मृत्यू पावला.