शिवसुमनाची चार घराणी

जुन्नरच्या डोंगरांत, काळ्या कातळाच्या कपारीत एक मांसल वनस्पती लोंबत असते. उन्हाळ्यात तिच्यावर पान नसते. उरतात त्या बोटभर जाडीच्या हिरवट फांद्या. पाऊस लागला की त्यांना पाने फुटतात आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात किरमिजी रंगाची, पिवळ्या खुणांची पाच पाकळ्यांची चांदणी उमलते. हे शिवसुमन. शिवनेरीवर सापडते म्हणून लाभलेले हे नाव. सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांपलीकडे जगात ते रानात कुठेही उगवत नाही.

निकोल डॅल्झेल हा मुंबई इलाख्याच्या वनखात्यातला स्कॉटिश अधिकारी. अलेक्झांडर गिब्सनच्या जोडीने त्याने 1861 मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ सिद्ध केला होता. पुढे 1860 च्या दशकात त्याने या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन केले आणि तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटले. नुसती जात नव्हे, तिच्यासाठी आख्खी नवी प्रजाती त्याने उभी केली.

कारण होते पान. तिचे बहुतेक नातलग आफ्रिकेतले, निवडुंगासारखे मांसल आणि जवळजवळ पर्णहीन. आपल्याकडचे माकडशिंगही त्याच गोतातले. त्यांच्यात ठसठशीत पानांची ही वनस्पती उपरी वाटणे साहजिक होते.

फूल मात्र नाते लपवत नव्हते. माश्यांना ओढून घेणारा वास आणि सुटे न राहता मेणचट पुडीत बांधलेले परागकण, ही सगळी त्या गोताचीच लक्षणे. गॉर्डन रोली यांनी 1958 मध्ये तिला ‘कॅरॅलुमा’ प्रजातीत नेले. तिथे ‘इंडिका’ हे नाव आधीच दुसऱ्या वनस्पतीला दिलेले होते, म्हणून ती ‘कॅरॅलुमा फ्रेराय’ झाली. गव्हर्नरसाहेब प्रजातीच्या नावातून जातीच्या नावात उतरले! पुढे डीएनएच्या आधारे मेव्हे आणि लीडे यांनी तिला ‘बुसेरोसिया’त बसवले. 2017 मध्ये ब्रॉइन्स व सहकाऱ्यांनी तर हे सगळे गोतच ‘सेरोपेजिया’त, म्हणजे आपल्या कंदीलपुष्पांच्या प्रजातीत, सामावून घेण्याचा प्रस्ताव मांडला. दरम्यान तिचे रुईकुळही करवंद-कण्हेरीच्या कुळात विलीन झाले होते.

या फेरबदलांचा संबंध थेट संवर्धनाशी आहे. एकाच जातीची प्रजाती संपली की एक आख्खी प्रजाती जगातून जाते. त्या युक्तिवादाने शिवसुमनाला मोठे वजन दिले होते. भारतीय वनस्पतींच्या रेड डेटा बुकात त्याची नोंद ‘फ्रेरिया’ म्हणूनच झाली. नवे वर्गीकरण मान्य केले, तर हा युक्तिवाद कागदावर लंगडा पडतो. पण वनस्पतीचे वेगळेपण त्याने रतीभरही कमी होत नाही. पर्णहीन गोतात पावसापुरती पाने धरणारी ही वनस्पती सह्याद्रीच्या चार महिन्यांच्या पावसाशी आणि आठ महिन्यांच्या कोरडीशी जुळवून घेतलेली आहे. उत्क्रांतीचा इतका उघड दाखला जपायला स्वतंत्र प्रजातीचा शिक्का कशाला हवा?

जपणे अवघडही नाही. फांदीच्या तुकड्याला सहज मुळे फुटतात. ऊतिसंवर्धनानेही रोपे होतात. खरा प्रश्न कड्यांचा आहे. वणवे, चराई, दगडखाणी आणि शौकिनांनी उपटून नेलेली झाडे यांतून त्या कपारी वाचल्या, तरच कुंडीतली रोपे पुन्हा लावायला जागा उरेल. गडांच्या डागडुजीत कातळावरची झुडपे सरसकट खरवडण्याआधी तिथे वनस्पतीतज्ज्ञाला नेणे, एवढे तर आजही करता येते.