घाई आणि टिकाव : रोटरी इंजिनावरच्या टर्बोचा इतिहास

यंत्रांचा इतिहास सांगण्याची एक ठरीव रीत आहे. एक एकाकी प्रतिभावंत, त्याला तरुणपणी झालेला साक्षात्कार, जगाची उपेक्षा आणि अखेरीस विजय. वाङ्मयाच्या अभ्यासकांना ही चरित्रात्मक रीत चांगलीच परिचित आहे, आणि तिच्याविषयीचा संशयही. रोटरी इंजिनाचा इतिहास या रीतीने पुष्कळ वेळा लिहून झालेला आहे. आम्ही येथे त्याच इतिहासात दुसऱ्या दाराने, थोड्या कळकट दाराने, शिरू इच्छितो. रोज रस्त्यावर चालवायच्या रोटरी मोटारीला कोणता टर्बो जोडावा, की जो लवकर उचलेल आणि टिकेलही? प्रश्न गॅरेजमधला आहे. पण त्याचे उत्तर शोधताना चाळीस वर्षांचा इतिहास हाताशी घ्यावा लागतो.

फेलिक्स वांकेल १९०२ साली जर्मनीतील लार येथे जन्मला. त्याच्याजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती. नाझी पक्षाशी त्याचा तरुणपणापासून संबंध होता. गौरवपर चरित्रे हे प्रकरण घाईने उलटतात, म्हणून ते येथे नोंदवून ठेवतो. एनएसयू या कंपनीत त्याचे पहिले इंजिन १९५७ साली फिरले. त्यात आतला त्रिकोणी रोटर आणि त्याभोवतीचे घर दोन्ही फिरत असत. कंपनीतील हान्स डीटर पाश्के या अभियंत्याने घर स्थिर ठेवून केवळ रोटर फिरवणारी सोपी रचना केली, आणि जगभर पसरली ती हीच. वांकेलला हा बदल मुळीच रुचला नव्हता. म्हणजे आज आपण ज्याला वांकेल इंजिन म्हणतो ते वांकेलच्या मनातले इंजिन नव्हे. कर्तृत्व आणि कर्तानाम यांची ही फारकत साहित्यात नवी नाही.

१९६७ साली एनएसयूने रो ८० ही देखणी मोटार काढली. रोटरच्या तिन्ही टोकांवर बसवलेल्या पट्ट्या, ज्यांना अॅपेक्स सील म्हणतात, तिच्यात झपाट्याने झिजत आणि इंजिने बदलून द्यावी लागत. वाटेत दोन रो ८० समोरासमोर आल्या की चालक आपली कितवी इंजिनबदली झाली ते बोटांनी एकमेकांना दाखवीत, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा रचलेली, 'रोटरी म्हणजे बिनभरवशाची' हा समज तिने जेवढा रुजवला तेवढा कोणत्याही तांत्रिक अहवालाने रुजवला नसेल.

जपानात मात्र गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली गेली. हिरोशिमाच्या तोयो कोग्यो, म्हणजे पुढच्या माझदा, कंपनीचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी एनएसयूशी करार केला आणि १९६३ साली केनिची यामामोतो यांच्या हाती रोटरी संशोधनाचा विभाग सोपवला. चाचण्यांत घराच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे चरे उमटत. अभियंत्यांनी त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असे नाव दिले. कारण सैतानी नव्हते, कंपनाचे होते. सील भिंतीवरून सरकताना थरथरे. आधी सीलला आरपार पोकळी पाडून तिची कंपनसंख्या बदलण्यात आली आणि पुढे कार्बन व अॅल्युमिनियम यांच्या मिश्रणाची सील आली. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट विक्रीस निघाली. यामामोतोंच्या चमूत सत्तेचाळीस जण होते, म्हणून त्यांना 'सत्तेचाळीस रोनिन' म्हटले गेले. १८व्या शतकाच्या आरंभी आपल्या धन्याचा सूड उगवणाऱ्या सामुरायांचा हा उल्लेख आहे. रूपक फार पुढे ताणू नये, कारण त्या सामुरायांना शेवटी स्वतःचे पोट फाडून घ्यावे लागले. माझदावरही १९७३च्या तेलटंचाईनंतर तशीच वेळ येऊन गेली. भरपूर पेट्रोल पिणारे इंजिन कोणाला नकोसे झाले, बँकेला हात द्यावा लागला आणि १९७९मध्ये फोर्डने सुमारे पाव हिस्सा घेतला. रोटरी उरली ती स्पोर्ट्स मोटारीपुरती, आणि तेथे तिला टर्बो भेटला.

टर्बोची कल्पना जुनी आहे; स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याचे पेटंट १९०५चे. जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर एक टर्बाइन फिरवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कॉम्प्रेसरने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. रोटरी इंजिन या कामाला जणू घडवलेलेच आहे. त्याला झडपा नाहीत. रोटरची कड बाहेरच्या छिद्रावरून सरकली की वायू एकदम, दणक्याने आणि अतिशय तप्त असा बाहेर पडतो. साध्या इंजिनात झडप हळूहळू उघडते, त्यामुळे तो दणका बोथट होतो. टर्बाइनला दणका हवाच असतो. मात्र याच गुणाची दुसरी बाजू अशी की एवढ्या उष्णतेत टर्बाइनची घरे तडकतात, रबर कडक होते, आणि टर्बो जर फार अरुंद असेल तर वायू मागे तुंबतो. तुंबलेला वायू पुढच्या भरणात मिसळतो, भरण तापते, आणि इंधन वेळेआधी, स्फोट होऊन पेटते. दट्ट्याचे इंजिन असे थोडे ठोके सहन करते. रोटरीत एक जबर ठोका अॅपेक्स सील मोडू शकतो, आणि मोडलेला तुकडा भिंत खरवडून टर्बाइनच्या पात्यांतून बाहेर जातो. मग सारे इंजिन उघडल्यावाचून गत्यंतर नाही. 'लवकर उचलणारा' आणि 'टिकणारा' ही दोन विशेषणे येथे भांडतात ती या कारणाने. अरुंद टर्बो लवकर उचलतो. त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते.

माझदाने १९८२ साली कॉस्मोवर आणि पुढच्या वर्षी जपानातल्या आरएक्स-७वर टर्बो आणला. त्या टर्बाइनची पाती रोटरीच्या दणक्यांसाठी मुद्दाम बदलून लहान केली होती. १९८५च्या दुसऱ्या आरएक्स-७मध्ये टर्बाइनकडे जाणारी वाट दुभागली. इंजिन मंद असताना एक वाट बंद ठेवून सारा वायू दुसरीतून जोराने सोडायचा. १९८९मध्ये झडप काढून टाकून दोन रोटरांचे दोन प्रवाह शेवटपर्यंत वेगळे ठेवले. ही सुधारणा आम्हांस फार महत्त्वाची वाटते. दोन रोटरांच्या इंजिनात दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यात दोन दणके, अर्ध्या अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने, येतात. ते एकाच नळीत सोडले तर एकाचा जोर दुसऱ्याच्या वाटेत येतो. वेगळे ठेवले तर प्रत्येक दणका पुरता टर्बाइनपर्यंत पोचतो. हलत्या झडपेवाचून, केवळ एका भिंतीने साधलेली ही घाई आहे, आणि जे हलत नाही ते सहसा बिघडत नाही.

पण कंपनीला एवढ्यावर थांबायचे नव्हते. ८०च्या दशकात पोर्शेने ९५९मध्ये क्रमाने चालणारे दोन टर्बो वापरले होते. १९९०च्या युनोस कॉस्मोवर आणि १९९१च्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या आरएक्स-७वर माझदाने तीच वाट धरली. त्याच वर्षी जूनमध्ये ल मां येथे माझदाची ७८७बी जिंकली होती, आणि त्या चार रोटरांच्या इंजिनाला टर्बो मुळीच नव्हता. शर्यतीत इंजिन सदैव वरच्या फेऱ्यांत राहते. रस्त्यावर चौकातून निघायचे असते.

या क्रमवार रचनेमागचे गणित देखणे आहे. फिरत्या चाकाची जडता त्याच्या व्यासाच्या पाचव्या घाताप्रमाणे वाढते. आकार तोच ठेवून चाक एक पंचमांशाने मोठे केले तर जडता जवळजवळ अडीचपट होते. दोन लहान चाकांइतकी हवा एकाच चाकाने द्यायची तर त्याचा व्यास सुमारे १.४ पट हवा, आणि त्या एकाची जडता एका लहान चाकाच्या साडेपाचपटीहून अधिक भरते. म्हणून इंजिन मंद असताना सारा वायू पहिल्या लहान टर्बोला द्यायचा, दुसऱ्याला थोडासा सोडून आधीच फिरता ठेवायचे आणि सुमारे ४५०० फेऱ्यांना त्यालाही सामील करून घ्यायचे. १३०८ घनसेंटिमीटरच्या इंजिनातून आरंभी २५५ आणि १९९९ पर्यंत २८० अश्वशक्ती मिळाली, आणि तीही खालच्या फेऱ्यांतली तत्परता न गमावता.

या सामीलनासाठी झडपा, विद्युतकळा, दाबाच्या आणि निर्वाताच्या लहान टाक्या आणि त्यांना जोडणाऱ्या रबरी नळ्यांचे एक जाळे इंजिनावर बसवले होते. जगातील सर्वांत तप्त उत्सर्गवायू सोडणाऱ्या इंजिनांपैकी एकाच्या डोक्यावर रबराच्या बारीक नळ्या! दहा-पंधरा वर्षांत त्या ठिसूळ होतात. एक चिरली की दुसरा टर्बो उशिरा येतो किंवा येतच नाही, आणि दोष कोणत्या नळीत आहे ते शोधणे म्हणजे हस्तलिखितातली एक चुकलेली मात्रा शोधणे. घाईसाठी केलेली रचनाच बिनभरवशाचे कारण ठरली, असा निवाडा म्हणूनच सर्रास दिला जातो.

आम्हांस हा निवाडा अनैतिहासिक वाटतो. १९९१ साली हलके, मोठे आणि तरीही तत्पर असे एकच चाक बनवता येत नव्हते. अभियंत्यांनी हाती असलेल्या साधनांतून योग्य उत्तर काढले. ते उत्तर नव्या मोटारीचे होते, तीस वर्षांच्या मोटारीचे नव्हते. त्यानंतर बॉल बेअरिंगवर फिरणारे टर्बो सुलभ झाले, कॉम्प्रेसरची पाती घन धातूतून कोरली जाऊ लागली, आणि २०१०च्या सुमारास टायटॅनियम अॅल्युमिनाइडसारख्या हलक्या मिश्रधातूची टर्बाइने सुट्या भागांच्या बाजारात आली. पाचव्या घाताचा नियम बदलला नाही. चाकाचे वजन आणि बेअरिंगचे घर्षण बदलले.

आज अशी मोटार बाळगणाऱ्यापुढे तीन वाटा आहेत. मूळ रचना जपायची आणि साऱ्या नळ्या सिलिकोनच्या घालायच्या. दोन्ही टर्बो ठेवून क्रम काढून टाकायचा, म्हणजे दोघे सदैव एकत्र फिरतील. यात नळ्या कमी होतात, पण खालच्या फेऱ्यांतला जीवही जातो. ही तडजोड आम्हांस सर्वांत कमी पटते, कारण तिच्यात क्रमाचा लाभ गेलेला असतो आणि जुनी, तापलेली घरे तशीच राहतात. तिसरी वाट, मध्यम आकाराचा एकच टर्बो, बॉल बेअरिंगचा, दुभागलेल्या वाटेचा आणि दोन रोटरांचे प्रवाह वेगळे ठेवणारा.

पाठचिकित्सेत परंपरेने आलेला पाठ आणि अभ्यासकाने सुधारलेला पाठ यांत निवड करावी लागते, तशीच ही निवड आहे. संग्रहासाठी ठेवलेल्या, अधूनमधून निघणाऱ्या मोटारीचा मूळ पाठ बदलू नये. रोज चालणाऱ्या मोटारीसाठी आम्ही तिसऱ्या वाटेच्या बाजूने आहोत. ती नवी आहे हे त्याचे कारण नव्हे. १९८९ साली माझदानेच शोधलेल्या त्या भिंतीकडे ती परत जाते. मात्र टर्बो निवडताना सर्वांत मोठ्या आकड्याचा मोह टाळावा, आणि फार चिमुकलाही घेऊ नये. वर सांगितलेली तुंबण्याची गोष्ट आठवावी. जादा वायू बाहेर सोडणारी वेस्टगेट मोठी असावी. मोकळे सायलेन्सर बसवल्यावर लहान वेस्टगेट पुरी पडत नाही, दाब आपोआप चढत जातो, आणि चालकाने काहीही न करता इंजिन फुटते.

आणि टर्बोच्या आधी बाकीचे. पेट्रोलचा पंप व इंजेक्टर अधिक हवेला पुरतील असे, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, धड रेडिएटर, सीलवर तेलाचे थेंब सोडणारा लहान पंप चालू असल्याची खात्री, आणि नव्या टर्बोप्रमाणे इंजिनाच्या संगणकाची जुळणी. हा खर्च बहुधा टर्बोहून जास्त होतो आणि तो दिसत नाही, म्हणून लोक तो पुढे ढकलतात. २००३च्या आरएक्स-८वर माझदाने टर्बो बसवलाच नाही. २०२३ साली रोटरी परतली ती विजेच्या मोटारीत जनित्र फिरवण्यापुरती, तीही टर्बोविना. टर्बोची शेवटची रोटरी कारखान्यातून निघाली ती २००२ साली. त्यातली जी काही उरली आहेत त्यांच्या नळ्या आता कोणा एकट्याला, बॉनेट उघडून, एकेक करून बदलायच्या आहेत.