मुलीचे नाव : जिभेवरचे आणि कागदावरचे

स्नानसंस्काराच्या विधीचा आरंभ एका प्रश्नाने होतो. बाळाचे नाव काय ठेवले आहे, असे धर्मगुरू आईबापांना विचारतो, आणि उत्तर तोंडी द्यायचे असते. विधी आटोपल्यावर नोंदवही उघडते. मग तोंडी सांगितलेल्या त्या नावाला अक्षरांचा पोशाख चढवावा लागतो. नांदेड-लातूरकडील धर्मग्रामांत खरी अडचण तेथे सुरू होते. 'मारिया' की 'मरिया', 'तेरेसा' की 'टेरेसा', 'लुसी' की 'लूसी', असा वाद आई, आत्या, शिक्षक असलेला मामा आणि केरळातून सेवेसाठी आलेल्या धर्मभगिनी यांच्यात उभा राहतो. प्रत्येकाच्या बाजूने काही ना काही आधार असतोच. मुलगा असला तर हा वाद लवकर मिटतो, असा आमचा अनुभव आहे. मुलीच्या बाबतीत मात्र शेवटी 'लिहा काहीही, फादर' असे म्हणून कुटुंब मोकळे होते. या 'काहीही'मागे मोठा इतिहास आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

संत लूकच्या शुभवर्तमानातील पहिल्या अध्यायाचे स्मरण करावे. आठव्या दिवशी जमलेले शेजारी आणि नातलग बाळाला बापाचेच जखऱ्या हे नाव देऊ पाहत होते. आई अलीशिबा म्हणाली, योहान. तुमच्या कुळात हे नाव कोणाचेच नाही, असा आक्षेप निघाला आणि तिला डावलून बापाला खुणावण्यात आले. वाचा गेलेल्या जखऱ्याने पाटी मागवली आणि आईने उच्चारले होते तेच नाव लिहिले. आईच्या जिभेवरचे नाव पाटीवर उतरले, हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

पण जखऱ्याच्या पाटीवर नेमके काय उमटले असेल? हिब्रू लिपीत तेव्हा मुख्यतः व्यंजनेच लिहीत. स्वर वाचणाऱ्याने आपल्या स्मरणातून घालायचे. स्वरांच्या खुणा मसोरा पंडितांनी इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान सिद्ध केल्या. प्रभूच्या मातेचे नाव म्हणजे म, र, य, म अशी चार व्यंजने. मसोरा पंडितांनी त्यांचा उच्चार 'मिर्याम' असा नोंदवला. त्यांच्या कितीतरी आधी ग्रीक भाषांतरकारांनी 'मरियाम' असे लिहून ठेवले होते. लॅटिनने 'मारिया' केले, इंग्रजीने 'मेरी'. आपले मुसलमान शेजारी 'मरियम' म्हणतात. कुराणाच्या एकोणिसाव्या अध्यायाला हेच नाव आहे. मराठी बायबलात मोशेची बहीण 'मिर्याम' आहे आणि येशूची आई 'मरीया' आहे. एकाच ग्रंथात एकाच नावाची ही दोन रूपे. तेव्हा 'फादर, शुद्ध रूप कोणते?' असे कोणी विचारले की आम्ही उलट विचारतो, कोणाच्या जिभेवरचे?

व्यंजने लिहायची आणि स्वर आठवायचे, हा अनुभव मराठवाड्याला अगदी अलीकडेपर्यंत होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. उर्दू ही गोड भाषा, तिच्याविषयी आमची काडीचीही तक्रार नाही. परंतु तिच्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि ण व ळ या वर्णांना तिच्यात स्थान नाही. त्यामुळे घरची तुळसा दप्तरात 'तुलसा' होणार आणि वेणू 'वेनू' होणार. मुक्ता हे नाव मीम, काफ, ते आणि अलिफ या अक्षरांनी लिहिले की अनोळखी कारकून त्याचे 'मकता' वाचील, नाहीतर 'मिकता'. पुरुषाचे नावही याच चरकातून जाई. पण सारा भरताना, साक्ष देताना, बाजारात व्यवहार करताना ते रोज उच्चारले जाई आणि वाचणारा आपली चूक सुधारून घेई. बाईच्या नावाला असा राखणदार नव्हता. शिवाय लग्नात ते बदलले जाई. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. सासरी आल्यावर त्या लक्ष्मी झाल्या. जे नाव पुढे पुसलेच जाणार, त्याच्या ऱ्हस्वदीर्घाची चिंता कोण करणार?

जुन्या दप्तरातील एका शब्दावर किती भार असतो, हे आपण सध्या पाहत आहोत. २०२३ साली नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात मराठवाड्यातील निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद नव्याने वाचले जाऊ लागले. पणजोबाच्या नोंदीतील एका शब्दाच्या वाचनावर नातवाचा दाखला ठरतो. पणजीचे नाव त्या कागदांत सापडले तर नशीब.

आता आपल्या ख्रिस्तसभेकडे वळू. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६६ साली निघालेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथाने बाळाला संताचे नाव द्यावे असा आग्रह धरला. १९१७ च्या धर्मसंहितेतील ७६१ व्या कलमाने धर्मगुरूला सांगितले की आईबाप ऐकत नसतील तर त्यांनी दिलेल्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडावे आणि दोन्ही नोंदवहीत लिहावीत. हेतू चांगला होता. बालकाला स्वर्गातील एक पाठीराखा मिळावा, एवढाच. पण त्यातून आमच्याकडे घरचे एक आणि वहीतले एक अशी दोन नावे वागवणारी पिढी तयार झाली. वहीतील नाव तर लॅटिन वळणाचे. 'लुचिया' म्हणून नोंदलेल्या आजीला ती हाक जन्मात कोणी मारलेली नसायची. १९८३ च्या संहितेतील ८५५ वे कलम एवढेच म्हणते की ख्रिस्ती भावनेला परके असे नाव देऊ नये. अर्चना, करुणा, स्नेहल यांना आज दार मोकळे आहे. येथे प्रॉटेस्टंट बंधूंचे ऋण मान्य करावयास हवे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे पंडिता रमाबाईंचा आणि त्यांच्या लहानग्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. ती मुलगी पुढे जन्मभर मनोरमा म्हणूनच ओळखली गेली. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला, तरी त्या लक्ष्मीबाईच राहिल्या.

उर्दू गेली आणि तिची जागा रोमन अक्षरांनी घेतली. रोमनमध्येही ल आणि ळ, त आणि ट यांत भेद नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांना हा दोष चारशे वर्षांपूर्वी कळला होता. १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' रोमन अक्षरांत छापताना त्यांनी ट, ण, ळ यांसारख्या वर्णांसाठी अक्षर दुप्पट करण्याची युक्ती योजली. ती पुढे सर्वसाधारण व्यवहारात रुजली नाही. आज देगलूर-बिलोलीकडे तेलुगू शेजाऱ्यांच्या वळणाने त साठी 'टी'ला 'एच' जोडतात. तो कागद नांदेडच्या कचेरीत आला की लताची 'लथा' आणि सुनीताची 'सुनिथा' होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. त्या बाजूला कानडी कानाला शब्दान्तीचा अकार पुरा ऐकू येतो, म्हणून तेथे विमला म्हणतात, आणि मराठी जीभ तोच अकार गिळून विमल म्हणते. रोमनमध्ये शेवटी 'ए' लिहिला तर दोन्ही बहिणी एकच!

ज्या नावांना आपण 'ख्रिस्ती' म्हणतो, त्यांत तर इंग्रजीचे ओझे विनाकारण वाहिले जाते. मदर तेरेसा यांचे घरचे नाव अन्येझे. मठात त्यांना लिज्यूच्या फ्रेंच संत तेरेजचे नाव हवे होते, परंतु एका भगिनीने ते आधीच घेतलेले असल्याने त्यांनी त्याच नावाचे स्पॅनिश रूप निवडले. स्पॅनिश 'तेरेसा'तील त दंत्य आहे, आपल्या 'तारा'तल्यासारखा. देवनागरीत तो जसाच्या तसा लिहिता येतो. तो सोडून इंग्रजांच्या 'टेरेसा'चा हट्ट कशासाठी? उलट जसिंता हे नाव घ्या. फातिमाच्या या बालिकेला २०१७ साली संतपद मिळाले, तेव्हापासून ते आमच्याकडे ऐकू येते. मराठी ज चे दोन उच्चार, 'जसा'तला आणि जीवनातला. कागदावर वाचणारा मास्तर 'जसा'तला ज लावून मोकळा होतो. म्हणून आम्ही तेथे 'ज्यसिंता' लिहिण्याचा पर्याय सुचवतो. डोळ्याला ते खटकते खरे. लुसी-लूसीचा निकाल मात्र सोपा आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याआधीचा उकार ऱ्हस्व, म्हणून लुसी. कुटुंबाचा आग्रहच असेल तर दीर्घ लिहावे. नियम मुलीसाठी आहेत. अंकशास्त्र्याच्या सल्ल्याने वाढवलेल्या अक्षरांविषयी न बोललेले बरे.

हा सारा काथ्याकूट आता थेट व्यवहाराशी जोडला गेला आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवसापासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, विवाहनोंदणी, पारपत्र या सर्वांसाठी जन्माची तारीख आणि ठिकाण जन्मदाखल्यानेच सिद्ध करायचे आहे. म्हणजे दवाखान्यातून घरी परतण्याच्या घाईत कोणीतरी लिहिलेले नाव मुलीच्या साऱ्या कागदांचे मूळ होणार. घाईची मुळीच गरज नसते. जन्माची नोंद नावाशिवायही होते. नाव पुढे बारा महिन्यांपर्यंत शुल्क न देता आणि त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. तेव्हा नाव आधी घरात ठरावे, मोठ्याने उच्चारून पाहावे, देवनागरीत लिहावे, आणि त्यावरून रोमन अक्षरे बेतावीत. हाच क्रम आम्ही नोंदवहीतही ठेवला आहे.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या कागदांवर बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. अलीशिबेला हे आवडले असते. पण आमच्याकडच्या कितीतरी मातांची स्वतःची नावे शाळेत एक, आधारपत्रावर दुसरे आणि विवाहाच्या नोंदवहीत तिसरे अशी आहेत. म्हणून स्नानसंस्काराच्या तयारीसाठी येताना आईने आपला शाळा सोडल्याचा दाखला सोबत आणावा, असे आम्ही हल्ली रविवारच्या सूचनांत सांगतो. बाळाच्या नावाचा विचार आम्ही तो दाखला पाहिल्यानंतर सुरू करतो.