अल्मोड्याचं केंद्र बंद पडलं, नाच मात्र फिल्मवर राहिला

गुरुदत्त १९४४ मध्ये पुण्यात प्रभातला आले, हे आपण पुणेकर कौतुकाने सांगतो. त्याआधी ते अल्मोड्यात उदय शंकरांकडे नाच शिकत होते, हे मात्र सांगायचं राहून जातं.

उदय शंकर मूळचे चित्रकार. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, मग लंडनला गेले. तिथे ॲना पाव्हलोवाने त्यांना नाचात ओढलं. युरोप-अमेरिकेचे दौरे गाजले आणि १९३० च्या दशकाच्या शेवटी अल्मोड्यात कलाकेंद्र उभं राहिलं. कथकलीला शंकरन नंबुद्री, संगीताला अल्लाउद्दीन खाँ. असे गुरू एका छताखाली! तिथे त्यांनी मोठ्या पडद्यावर सावल्यांची रामलीला केली. प्रकाश आणि पडद्याचं वेड तेव्हापासूनच दिसतं.

मग महायुद्ध. परदेश दौरे थांबले, बाहेरून येणारा पैसा आटला आणि १९४४ मध्ये केंद्राला कुलूप लागलं. माणसं पांगली. झोहरा सेहगल मुंबईत पृथ्वी थिएटरला, शांती बर्धन अंधेरीला इप्टाच्या पथकात. म्हणजे त्या कुलुपाचा फायदा आपल्यालाच झाला म्हणायचा.

उदय शंकर मात्र मद्रासला गेले आणि जेमिनी स्टुडिओत ‘कल्पना’ केला (१९४८). हिमालयात कलाकेंद्र काढू पाहणाऱ्या नर्तकाची गोष्ट, म्हणजे स्वतःचीच. रंगमंचावर प्रेक्षक एका खुर्चीवरून बघतो. इथे कॅमेरा कधी नुसत्या हातांवर जातो, कधी अख्ख्या समूहावर. कामगार यंत्रासारखे हलू लागतात तो नाच तर बघाच. माझ्या मते आपल्याकडे कॅमेऱ्यासाठी नाच इतका विचारपूर्वक त्याआधी कुणी बसवला नव्हता.

सिनेमा चालला नाही. पण आज उदय शंकर नाचताना बघायचे तर मुख्य आधार तोच. २०१२ मध्ये तो दुरुस्त होऊन कानला दाखवला गेला, तो आपल्या पुण्याच्या फिल्म अर्काइव्हने जपलेल्या प्रतीमुळे. याच पुण्यात २००३ च्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या, हेही विसरू नका. अर्काइव्ह आता एनएफडीसीत विलीन झालंय. तिथल्या रिळांची देखभाल कशी चाललीय, हे लोकप्रतिनिधींना विचारायला हवं. मी पत्र पाठवतोय, तुम्हीही पाठवा.