बारा ते तीन : सात उद्गारांची कुळकथा

हिंगणघाटात एप्रिलची दुपार म्हणजे रस्ते ओस पडण्याची वेळ. उत्तम शुक्रवार बहुधा मार्च-एप्रिलच्या याच तापत्या दिवसांत येतो, आणि त्या दिवशी विदर्भातल्या कितीतरी मराठी मंडळ्या भर बारा वाजता उपासनेला बसतात, त्या तीन वाजता उठतात. ख्रिस्ताने क्रुसावरून काढलेले सात उद्गार एकेक करून वाचायचे. प्रत्येकावर संदेश, मग गीत, मग प्रार्थना. वक्तेही पुष्कळदा सात असतात. पाळक एखाददुसरा उद्गार स्वतः घेतात. बाकीचे शिक्षिका, परिचारिका, तरुण संघातली मुले यांच्याकडे जातात. पवित्रशास्त्रावर सबंध मंडळीपुढे बोलण्याची पहिली संधी अनेकांना याच दुपारी मिळते. ही रीत इकडे आली ती फार लांबून, आणि ज्यांनी इथल्या पहिल्या मंडळ्या उभ्या केल्या त्यांच्या शिकवणीविरुद्ध.

उपवास आधीचा, उद्गारांची उपासना पुष्कळ मागाहूनची. दुसऱ्या शतकात इरेनियस लिहितो की ईस्टरपूर्वी कोणी एक दिवस उपास करतो, कोणी दोन, तर कोणी सलग चाळीस तास. ३२५ सालच्या निकिया परिषदेच्या पाचव्या नियमात चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख येतो, आणि लेंतकाळाची चौकट तिथून पुढे घट्ट होत जाते.

तीन तासांची उपासना जन्मली ती त्यानंतर साडेतेराशे वर्षांनी, दक्षिण अमेरिकेत. १६८७ च्या ऑक्टोबरात पेरूमधले लिमा शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. त्यानंतरच्या काळात तिथला जेझुइट पाद्री अलोन्सो मेसिया याने लोकांना उत्तम शुक्रवारी दुपारी एकत्र बसवून सात उद्गारांवर मनन करण्याची पद्धत घालून दिली. ती स्पेनला पोहोचली. तिथल्या कादिस शहरातल्या अशाच उपासनेसाठी हायडनने १७८६-८७ च्या सुमारास सात संथ वाद्यरचना लिहिल्या आणि शेवटी भूकंपाचा एक भाग जोडला, कारण मत्तयाच्या वृत्तांतात येशूने प्राण सोडल्यावर भूमी कापते. लिमाच्या ढिगाऱ्यांतून निघालेल्या उपासनेचे संगीत भूकंपावरच संपावे, याला मी योगायोग म्हणून सोडून देत नाही. पायाखालची जमीन हललेल्या माणसांनीच ही उपासना प्रथम केली होती. पुढे ती रोमला गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या अँग्लिकन मंडळींनीही ती उचलली.

विदर्भात मात्र सुवार्ता आणली ती स्कॉटलंडच्या फ्री चर्चने. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आला. शाळा काढली, मराठीतून उपदेश केला, भूगर्भशास्त्रात नाव कमावले; १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात तो बुडाला. त्याच्या परंपरेला लेंत मान्य नव्हते. स्कॉटिश धर्मसुधारकांनी सणवार १५६० मध्येच काढून टाकले होते. १६१८ मध्ये राजा जेम्सने उत्तम शुक्रवारासह काही दिवस पुन्हा लादले, तर १६३८ च्या ग्लासगो महासभेने ते झिडकारले. शास्त्रात आज्ञा नाही, तर तो दिवस पाळण्याचे बंधन कोणावर घालू नये, इतका साधा हा विचार होता. त्यामागचा प्रामाणिकपणा मला आजही मोलाचा वाटतो.

शेजारी दुसरा प्रवाहही होता. हिंगणघाट नागपूर-हैदराबाद वाटेवरचे गाव. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रवर्तक विल्यम लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी याच वाटेवर, हिंगणघाटला वारला. त्याची कबर इथेच आहे. अशा इंग्रज अधिकाऱ्यांसाठी पुढे जी अँग्लिकन चर्चे उभी राहिली, त्यांच्या प्रार्थनापुस्तकात राखेचा बुधवारही होता आणि उत्तम शुक्रवारही. गोऱ्यांचे लेंत इंग्रजीत चाले, मराठी मंडळी मात्र स्कॉटिश वळणाने वाढत होती.

हे दोन प्रवाह एक झाले २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरातच. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट अशा सहा परंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यामुळे हिस्लॉपच्या वारसांच्या पंचांगात लेंतकाळ अधिकृतपणे आला. मराठी मंडळींनी त्यात ‘उपासना संगीता’तली गीते भरली. त्यांतली कितीतरी नारायण वामन टिळकांची, म्हणजे ज्यांच्या हाती पहिला नवा करार नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत पडला त्यांची. लिमाची उपासना इथे अभंगाच्या चालीवर बसली.

या ऐक्याबाहेर राहिलेल्या इव्हँजेलिकल मंडळ्या लेंतकडे बराच काळ ‘रोमन’ म्हणून संशयाने पाहत. आता त्यांच्यातही चाळीस दिवसांची उपवास-प्रार्थना रुजताना दिसते. मला त्याचा आनंद आहे. मात्र उपवासाबरोबर अभ्यासही यावा. ती परंपरा आपल्याकडे आहेच. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात स्त्रियांनीच ते छापले. १९२४ मध्ये ते बाहेर पडले तेव्हा रमाबाई हयात नव्हत्या. इथून पश्चिमेला यवतमाळात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. तीस वर्षे देशभरातले इव्हँजेलिकल विद्यार्थी ग्रीक-हिब्रू शिकायला विदर्भात येत होते.

तो अभ्यास सात उद्गारांबद्दल काय सांगतो? कोणत्याही एका शुभवर्तमानात सातही नाहीत. लूककडे तीन, योहानाकडे तीन, आणि मत्तय-मार्क या दोघांत मिळून एकच. आपण म्हणतो तो क्रम चार वृत्तांत एकत्र विणून झालेला आहे. बारा ते तीन ही वेळ पहिल्या तीन शुभवर्तमानांतल्या अंधाराची. योहान तर सहाव्या तासाच्या, म्हणजे दुपारी बाराच्या, सुमारास येशू अजून पिलातापुढे असल्याचे सांगतो. क्षमेचा पहिला उद्गार लूकच्या काही अतिप्राचीन हस्तलिखितांत नाही, त्यांत चौथ्या शतकातले व्हॅटिकन हस्तलिखितही आले. पण त्याच्याही आधीचा इरेनियस तो उद्धृत करतो. वक्त्याने हे मंडळीला सरळ सांगावे. मारणाऱ्यांना इतकी सहज मिळालेली क्षमा एखाद्या लेखनिकाला पेलली नसेल, म्हणून ती गळली असेल, असे म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि मला ते पटते.

सर्वांत कठीण चौथा, देवाने सोडून दिल्याचा आक्रोश. ते बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वाक्य. काही वक्ते लगेच स्तोत्राच्या शेवटाकडे धावतात, तिथे स्तुती आहे म्हणून. आक्रोश त्यामुळे बोथट होतो. काही जण स्तोत्राचे नावच घेत नाहीत. कपड्यांवर टाकलेल्या चिठ्ठ्या, टाळूला चिकटलेली जीभ, भोवतीची हेटाळणी, हे सारे त्याच स्तोत्रात आहे, आणि शेवटाकडे पोटभर जेवणारे दीनही. एकतीस वचने, वाचायला जेमतेम पाच मिनिटे. चौथ्या उद्गाराच्या संदेशाआधी ते सबंध वाचावे, कोणतेही विवेचन न करता, एवढी पाळकांना माझी विनंती आहे.